लॅमिंग्टन रोडवरील सॉकेट-दुरुस्ती : आधी तक्ता, मग चिमटा

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला, लॅमिंग्टन रोडवरील एका जुन्या इमारतीत मदरबोर्ड दुरुस्त करणारे एक लहानसे दुकान आहे. एलजीए ११५५ सॉकेटचा, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड मी तेथे नेला होता. सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याची जागा; या प्रकारात बारीक पिना सॉकेटमध्येच असतात. संगणक सुरू होत असे. मात्र रॅमच्या दोन स्लॉटपैकी एका स्लॉटमधली रॅम बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीत, दिसत नसे, आणि इतरत्र मला ‘बोर्डच बदला’ एवढेच उत्तर मिळाले होते.

येथील कारागिरांनी सॉकेट मायक्रोस्कोपखाली धरताच एक पिन ओळीतून बाजूला झुकलेली पडद्यावर स्पष्ट दिसली. तरीही चिमटा हाती घेण्याआधी त्यांनी इंटेलच्या माहितीपत्रकातील पिनांचा तक्ता उघडला, आणि या दुकानाचे मोल मला तेथेच कळले. तक्त्यात एका कडेला अक्षरे, तर दुसऱ्या कडेला आकडे असतात. त्यांतली आय आणि ओ ही अक्षरे एक व शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून वगळलेली असल्यामुळे, वर्णमालेप्रमाणे मोजत गेल्यास ओळ हमखास चुकते. शिवाय प्रोसेसरच्या तळाकडून काढलेला तक्ता सॉकेटवर आरशातल्याप्रमाणे उलटा वाचावा लागतो. कोपऱ्यातील त्रिकोणी खूण आणि कडेच्या खाचा पाहून त्यांनी दिशा पक्की केली, आणि वाकलेली पिन बंद स्लॉटच्याच मेमरी चॅनेलची (रॅम आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या मार्गाची) असल्याचे मला दाखवले. तीच पिन ग्राउंडची (विजेच्या परतीच्या मार्गाची) असती, तर तशा पुष्कळ पिना असल्याने दोष कदाचित जाणवलाही नसता. वीजपुरवठ्याच्या पिनेला टेकली असती, तर मात्र प्रोसेसरही जाण्याचा धोका होता.

पिन सरळ केल्यावर दोन्ही स्लॉटमधली रॅम दिसू लागली. मजुरी आधी ठरली होती तेवढीच घेतली. पावती मात्र मागितल्यावरच मिळाली आणि तीवर दोषाचा तपशील नव्हता. एवढ्या नेटक्या कामाची लेखी नोंद ग्राहकाला मिळायलाच हवी.

इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिच्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरांत पिना प्रोसेसरलाच असत; २०२२च्या एएम५पासून त्या, एकूण १७१८, सॉकेटमध्ये आल्या आहेत. त्यामुळे असे बोर्ड वापरणाऱ्यांनीही हे दुकान ध्यानात ठेवावे, आणि बोर्ड नेताना सॉकेटवर प्लॅस्टिकचे झाकण अवश्य लावावे.