मेल सर्व्हरचे लॉग: जर्नल, आरसिसलॉग की पोस्टफिक्सची स्वतःची फाइल?

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या संस्थांपुढे लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदी, कुठे ठेवायच्या ही निवड डेबियन १२ (लिनक्सची एक प्रणाली) पासून ठळकपणे उभी राहिली आहे, कारण २०२३ मधल्या या आवृत्तीपासून आरसिसलॉग (नोंदी मजकुराच्या फाइलीत लिहिणारा प्रोग्राम) आपोआप बसत नाही आणि पोस्टफिक्सच्या (मेलची ने-आण करणाऱ्या प्रोग्रामच्या) नोंदी केवळ सिस्टमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) जर्नलमध्ये जातात.

जर्नलमध्ये वेळ किंवा सेवा यांनुसार नोंदी निवडून पाहता येतात आणि जुन्या नोंदी आपोआप निघून जातात. मात्र एखाद्या सेवेने ३० सेकंदांत १०,००० हून अधिक नोंदी पाठवल्यास मूळ सेटिंगनुसार पुढच्या नोंदी गाळल्या जातात (डिस्कवर जागा मोकळी असेल तर ही मर्यादा वाढते). म्हणजे कोणाचा तरी पासवर्ड चोरून स्पॅमचा लोंढा सोडला गेला असेल, तर नेमका त्या वेळचा पुरावा हातचा जाऊ शकतो. शिवाय जर्नलची छाटणी मुळात जागेवर ठरते, कमाल ४ जीबी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश मात्र १८० दिवसांचे लॉग मागतात.

आरसिसलॉगची साधी मजकुराची फाइल कामाला सर्वांत सोपी आहे. ‘मेल पोहोचला नाही’ अशी तक्रार आली, की ग्रेपने (फाइलीत मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने) पत्ता शोधावा, त्या ओळीतला क्यू आयडी (त्या मेलचा ओळखक्रमांक) घेऊन पुन्हा ग्रेप करावे, म्हणजे मेल डिफर्ड (पुन्हा प्रयत्नासाठी थांबलेला) आहे की बाउन्स झाला (परत आला) आणि समोरच्या सर्व्हरने काय कारण दिले, हे लगेच दिसते. लॉग ठरावीक काळाने नव्या फाइलीत सुरू करणाऱ्या (रोटेशन) लॉगरोटेटची डेबियनमधली मूळ मांडणी आठवड्याची एक याप्रमाणे चारच जुन्या फाइली ठेवते; तो आकडा २६ केल्यास १८२ दिवस भरतात. एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही: या नोंदीही जर्नलमार्गेच येतात, त्यामुळे ३० सेकंदांतल्या नोंदींची वरची मर्यादा जर्नलच्या सेटिंगमध्ये शून्य करून काढल्याशिवाय आरसिसलॉग बसवूनही गळती थांबत नाही.

पोस्टफिक्स ३.४ पासून थेट स्वतःच्या फाइलीत लिहिण्याचा पर्याय हे दोन्ही टप्पे टाळतो आणि कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा बंदिस्त चालवण्याच्या पद्धतीत) तोच घ्यावा. पण डोव्हकॉटची (वापरकर्त्यांना त्यांची मेलपेटी उघडून देणाऱ्या प्रोग्रामची) लॉगिने त्या फाइलीत येत नाहीत, आणि पोस्टफिक्सची रोटेशनची आज्ञा फाइलीचे नाव बदलून ती कॉम्प्रेस करून ठेवते, जुनी पुसत नाही. ते काम क्रॉनकडे (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेकडे) सोपवावे लागते.

साध्या कार्यालयीन सर्व्हरसाठी माझा कौल मर्यादा काढलेल्या आरसिसलॉगला आहे. रोटेशननंतर नव्या फाइलीचा आकार मात्र आवर्जून पाहावा: ती शून्य बाइटवरच थांबली असेल, तर आरसिसलॉगला फाइल बदलल्याचा संकेत मिळालेला नाही आणि तो अजून नाव बदललेल्या जुन्या फाइलीतच लिहीत आहे.