अरेना मेक्सिको: तिकीट खलनायकांसाठी काढा

मेक्सिको सिटीत कामानिमित्त गेलेला मराठी माणूस पिरॅमिड बघतो, फ्रिदा काल्होचं निळं घर बघतो आणि एखादी संध्याकाळ मोकळी सापडली तर 'लुचा लिब्रे', म्हणजे तिथली मुखवटेवाल्या पैलवानांची कुस्ती, उरकून येतो. बहुतेकांचं लक्ष मुखवटेवाल्यांच्या उड्यांवर असतं. उड्या झकास असतातच, पण पैसे वसूल होतात ते उड्या झेलणाऱ्यांवर नजर ठेवली तर.

दोक्तोरेस भागात, दोक्तोर लाविस्ता रस्त्यावर अरेना मेक्सिको ही कुस्तीची वास्तू १९५६ पासून उभी आहे. सोळा हजारांहून जास्त माणसं मावतात. १९६८ च्या ऑलिंपिकचं बॉक्सिंग इथंच झालं. चालवणारी कंपनी सीएमएलएल, स्थापना १९३३. कुस्तीचे खेळ लावणाऱ्या, आजही चालू असलेल्या कंपन्यांत जगात सगळ्यात जुनी. हे खासबागेतलं मैदान नव्हे, निकाल आधी ठरलेला असतो. तेवढं पचत असेल तरच पुढचं वाचा.

प्रत्येक लढतीत एक बाजू तेक्निकोंची, म्हणजे सरळमार्गी वीरांची, आणि दुसरी रुडोंची, म्हणजे खलनायकांची. बाजू बदलणारे पुष्कळ. लुचा लिब्रेचा सगळ्यात लाडका पैलवान, खुद्द एल सांतोसुद्धा सुरुवातीला रुडो होता, देव झाला तो नंतर. म्हणून जन्मभर रुडो राहिलेल्यांचं वजन वेगळं. ग्वादालाहाराचा एल सातानिको १९७० च्या दशकात रिंगणात उतरला आणि खलनायकीच करत म्हातारा झाला. २००१ मध्ये त्यानं दोन होतकरू गडी हाताशी धरले, त्यांची जुनी नावं आणि मुखवटे बाजूला ठेवले आणि आवेर्नो व मेफिस्तो ही जोडी उभी केली. दोघांनी पुढं रुडो म्हणूनच नाव काढलं. आताच्या पिढीत बार्बारो काव्हेर्नारियो कार्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या लढतींच्या यादीत, दिसला तर तिकीट काढाच. केसाळ कातडं पांघरून येतो, पण उड्या झेलण्याचं काम घड्याळासारखं चोख.

काम म्हणजे काय, ते जवळून बघण्यासारखं आहे. तेक्निको दोरांमधून किंवा दोरांवरून बाहेर झेप घेतो तेव्हा खाली उभा असलेला रुडो नुसता उभा नसतो. आधी मार खाऊन धडपडत बाहेर पडल्याचं नाटक करत तो नेमक्या जागी येतो. मग पाय खांद्याइतके फाकवतो, हनुवटी छातीला लावतो, हात छातीच्या उंचीवर उघडे ठेवतो. येणाऱ्याला काखेत किंवा कमरेशी धरतो आणि त्याच्यासकट पाठीवर पडतो, म्हणजे धक्का रुडोच्या पाठीत जातो आणि वरच्याची मान वाचते. एक पाऊल मागं राहिला तर झेप तोकडी पडते आणि वीर तोंडावर आपटतो. फार पुढं आला तर वीराचा गुडघा रुडोच्याच दातांवर. नवख्या रुडोची खूण अशी की तो झेप यायच्या आधीच वर बघत हात पसरून उभा राहतो. मुरलेला शेवटच्या क्षणी वळतो, जणू आत्ताच दिसलं.

आणखी एक बारकावा. अमेरिकेत पकडी साधारण डाव्या हातापायावर घातल्या जातात, मेक्सिकोत उजव्या. परदेशी पाहुणा पहिल्या दोन-तीन मिनिटांत अडखळताना दिसला तर कारण बहुधा हेच. त्याला न बोलता योग्य बाजूला वळवून घेणारा स्थानिक रुडो बघणं ही खरी मेजवानी.

नियम थोडक्यात. बहुतेक लढती तीन डावांच्या, दोन जिंकणारा विजयी. तिघा-तिघांच्या लढतीत कप्तान पडला तर डाव गेला, किंवा बाकीचे दोघे पडले तरी गेला. जोडीदार रिंगबाहेर उतरला की दुसरा हात न लावताही आत येऊ शकतो, त्यामुळं सुरुवातीला गोंधळ वाटतो. मुखवटा उपटणं, कमरेखाली मारणं आणि 'मार्तिनेते' (उलटं धरून डोकं जमिनीवर आपटणं) या तिन्हींना थेट बाद.

रुडोंची कलाकुसर या तीन कलमांभोवतीच फिरते. मुखवट्याला मागं बुटासारखी नाडी असते. एक रुडो रेफरीशी हुज्जत घालतो, दुसरा कोपऱ्यात नाडी सोडतो, आणि बिचारा तेक्निको दोन्ही हातांनी तोंड झाकून मार खातो. त्याहून सरस युक्ती: रुडो स्वतःचाच मुखवटा काढून प्रतिस्पर्ध्याच्या हातात फेकतो आणि तोंड झाकून आडवा पडतो. रेफरी वळतो, बघतो, तेक्निको बाद. कमरेखालच्या खोट्या फटक्याचाही असाच प्रयोग होतो. एखादा रेफरी उघडपणे रुडोंच्या बाजूचा असण्याचा जुना रिवाजही आहे. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर नजर चेंडूवर नको, बॅट नसलेल्या खेळाडूवर ठेवा. चोरी तिथंच चाललेली असते.

प्रेक्षकांत रुडोंचे पक्के भक्तही असतात, 'आरिबा लोस रुदोस' ओरडणारे. बाकीचे शिव्या देतात. पाच सुरांची एक ठरावीक शिट्टी ऐकू येईल, ती आईवरची शिवी आहे. मजेत नक्कल करू नका. शिव्या म्हणजे रुडोची पावती. निळूभाऊंना बोटं मोडणाऱ्या बायकांच्या पिढीत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता बसायचं कुठं. रिंगसाइडच्या पहिल्या एक-दोन रांगा झेलण्याचं काम बघायला उत्तम, कधीकधी पैलवान मांडीवर येतो. त्यामागच्या सपाट रांगा मात्र सगळ्यात वाईट सौदा. झेप पडते तेव्हा पुढचे सगळे उठून उभे राहतात आणि महाग तिकीट घेऊन तुम्ही लोकांच्या पाठी बघता. त्यापेक्षा जिथून पायऱ्यांची चढण सुरू होते तिथल्या खालच्या रांगा घ्या. रिंगणाबाहेरचा कठडाही दिसतो आणि रेफरीच्या पाठीमागचं सगळं कळतं. अगदी वर गेलात तर वातावरण जोरदार, पण नाडी सोडणारी बोटं दिसणार नाहीत.

वार तीन. शुक्रवारी रात्री साडेआठ, मंगळवारी संध्याकाळी साडेसात, रविवारी पाच. शुक्रवारी मोठी नावं आणि पर्यटकांची झुंबड. पहिल्यांदा जाणाऱ्यानं शुक्रवार, कसब बघायचं असेल त्यानं मंगळवार. गर्दी कमी असल्यानं रुडो प्रेक्षकांशी भांडतात, ते ऐकूही येतं. रविवार मुलाबाळांसाठी.

तिकीट खिडकीवर किंवा तिकीटमास्टरवर घ्या. बाहेर अंगावर येणाऱ्या दलालांकडून अजिबात नको. दारात झडती होते. लेन्स बदलता येणारा कॅमेरा आत नेऊ देत नाहीत, मोबाइल चालतो. जागा दाखवणारा माणूस टिपेची अपेक्षा ठेवतो, सुटे पेसो खिशात असू द्या. बिअर जागेवर आणून देतात. खाणं यथातथाच: पॉपकॉर्न, चिप्स आणि कपातले नूडल्स, तेही बरेचदा कोळंबीचे. शाकाहारी मंडळींनी जेवूनच जावं. बाहेरचे मुखवटे स्वस्त आहेत, पण पातळ कापडाचे. आत हात घालून डोळ्यांच्या जाळीची शिलाई तपासा.

तक्रारी आहेत. पहिले दोन डाव कधीकधी तीन-चार मिनिटांत गुंडाळतात, मग तीन डावांचा अट्टहास कशाला? तिघा-तिघांच्या लागोपाठ चार लढतींत साचा तोच तो वाटतो. घोषणा फक्त स्पॅनिशमध्ये. आणि खेळ सुटल्यावर भाग फारसा सुरक्षित नाही. मेट्रोचं कुआउतेमोक स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर असलं तरी रात्री ॲपवरची टॅक्सीच बोलवा, तीही दाराशी, उजेडात.

पाचपैकी चार. एक गुण सपाट रांगांचा कापला.

भारतातून बघायचं असेल तर सीएमएलएलच्या यूट्यूब वाहिनीचं सशुल्क सदस्यत्व आहे. मेक्सिको सिटीतले शुक्रवारचे रात्रीचे साडेआठ म्हणजे आपल्याकडे शनिवारी सकाळचे आठ. कॅमेरा बहुतेक वेळ उडणाऱ्याच्या मागं धावतो, त्यामुळं झेलणारा जागेवर कसा आला ते बघायला थोडं मागं नेऊन पुन्हा बघावं लागतं.