सुपरचार्जरची लहान पुली: तीन महिने वापरून

सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून इंजिनमध्ये जादा हवा दाबणारा पंप. त्याची मूळ पुली काढून व्यासाने १० टक्के लहान पुली बसवली. सुपरचार्जर साधारण ११ टक्के जास्त वेगाने फिरतो. माझा बूस्ट (त्या जादा हवेचा दाब) ६ वरून साधारण ८ पीएसआयवर गेला. पुलीचं मशीनिंग चोख, डगमग अजिबात नाही. सोबतचा बेल्ट मात्र टाकाऊ. ६,००० आरपीएमच्या वर घसरायचा आणि बूस्ट चढायच्या ऐवजी पडायचा. मी येडा दोन दिवस होसपाइपमध्ये गळती शोधत बसलो!

डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ट्यूनिंग होईपर्यंत फुल थ्रॉटल दिला नाही. तुम्हीही देऊ नका. हवा वाढली की पेट्रोलही वाढायला हवं, नाहीतर मिश्रण पातळ होऊन नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होतं आणि पिस्टनची वाट लागते. ट्यूनरने बूस्टमध्ये एअर-फ्युएल रेशो (हवा-पेट्रोलचं प्रमाण) ११.८ च्या आसपास ठेवला, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) दोन अंश मागे घेतलं, स्पार्क प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आताच क्षमतेच्या ८० टक्क्यांवर चालतायत, त्यामुळे याहून लहान पुलीचा मोह आवरला.

एक तक्रार आहेच. सलग तीन-चार वेळा दामटली की आत येणारी हवा तापते, ईसीयू (इंजिनचा संगणक) टायमिंग मागे घेतो आणि गाडी मरगळते. मोठा इंटरकूलर (ही हवा थंड करणारा) लागेल, हे खोक्यावर छापायला काय हरकत होती?

पाचपैकी चार तारे. एक बेल्टपायी गेला.