‘टेरी अँड द पायरेट्स’ : वाचण्यासाठी सहा खंड, पाहण्यासाठी तेरा

जुन्या वर्तमानपत्री साहसकथांची पुनर्मुद्रणे जमवताना कथा कोणती घ्यावी यापेक्षा तिची आवृत्ती कोणती घ्यावी, हा प्रश्न अधिक छळतो. मिल्टन कॅनिफ यांची ‘टेरी अँड द पायरेट्स’ ही मालिका त्याचे उत्तम उदाहरण आहे. 22 ऑक्टोबर 1934 रोजी सुरू झालेली ही चित्रमालिका कॅनिफ यांनी 29 डिसेंबर 1946 पर्यंत स्वतः लिहिली आणि रेखाटली. 1980 च्या दशकात एनबीएम या प्रकाशनाने ती बारा खंडांत काढली होती, परंतु कृष्णधवल; म्हणजे रविवारची मुळातली रंगीत पानेही त्यात रंगाविना होती. 2007 पासून डीन मुलेनी यांच्या संपादनाखाली ‘लायब्ररी ऑफ अमेरिकन कॉमिक्स’ या मालेत आयडीडब्ल्यू या प्रकाशनसंस्थेने तिचे सहा खंड प्रसिद्ध केले, आणि अलीकडे हीच माला क्लोव्हर प्रेसकडे गेल्यावर मोठ्या आकाराच्या तेरा खंडांची ‘मास्टर कलेक्शन’ आवृत्ती निघाली. हे परीक्षण मुख्यतः सहा खंडांचे आहे. नव्या आवृत्तीची तुलना जेथे अटळ आहे तेथेच केली आहे.

प्रथम या खंडांनी साधलेल्या सर्वांत मोठ्या गोष्टीविषयी. सोमवार ते शनिवार येणारी कृष्णधवल पट्टी आणि रविवारचे रंगीत पान यांत आरंभी दोन वेगळी कथानके चालत असत. 26 ऑगस्ट 1936 पासून कॅनिफ यांनी ती एकत्र केली आणि आठवड्याचे सातही दिवस एकच कथा वाहू लागली. तरीही अडचण उरलीच, कारण काही वर्तमानपत्रे फक्त दैनिक पट्टी घेत आणि काही फक्त रविवारचे पान. त्यामुळे रविवारी जे घडेल ते न वाचणाऱ्याचेही सोमवारी अडू नये, आणि केवळ रविवार वाचणाऱ्यालाही धागा सापडावा, अशा दुहेरी अटीवर हा लेखक वर्षानुवर्षे कथा रचत होता. पट्ट्या आणि रविवारची पाने तारखेच्या क्रमाने एकापुढे एक, आणि रविवार रंगांत, अशी मांडणी समोर आली की ही कसरत प्रथमच नीट दिसते. शनिवारी कोणी दार ठोठावते, रविवारी तोच प्रसंग दुसऱ्या कोनातून अधिक ऐसपैस येतो, सोमवारी पहिल्या चौकटीत त्याचा एका वाक्यात उल्लेख होतो आणि कथा पुढे सरकते. सलग वाचताना ही पुनरुक्ती जाणवते, हे मान्य केले पाहिजे. दोन-तीन आठवड्यांच्या पट्ट्या वाचून पुस्तक मिटावे. शंभर पाने एका बैठकीत संपवण्यासाठी ही कथा लिहिलेलीच नव्हती.

आडव्या आकाराच्या, सुमारे अकरा इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच पानावर दैनिक पट्ट्या तीन-तीन बसवल्या आहेत. दोन वर्षांना एक खंड असा हिशेब आहे. पहिल्याच खंडात 1934 चे अखेरचे महिने जास्तीचे आले आहेत. बांधणी शिवणीची असल्याने पुस्तक टेबलावर सपाट उघडते, आणि वाचनखुणेसाठी फीत शिवलेली आहे. वरवर पाहता हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण चिकट बांधणीच्या जाड पुस्तकात मधल्या घडीत शिरलेली चौकट वाचण्यासाठी ज्यांनी कणा मोडला आहे, त्यांना त्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

दैनिक पट्ट्यांचे मुद्रण हे या खंडांचे खरे वैभव आहे. कॅनिफ आणि त्यांचे स्टुडिओतील सहकारी नोएल सिकल्स यांनी कुंचल्याने काळ्या शाईचे मोठे ठसे टाकून प्रकाश आणि सावली उभी करण्याची जी रीत रूढ केली, तिचा प्रवास खंडागणिक पाहता येतो. पहिल्या खंडाच्या आरंभीच्या पट्ट्यांत बारीक, काहीशी मुलांच्या गोष्टींना शोभणारी रेघ आहे. त्याच खंडाच्या अखेरीस चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात जातो, पाऊस केवळ काळ्या-पांढऱ्या फटकाऱ्यांतून कोसळतो आणि चीनच्या किनाऱ्यावरचे बंदर दोन-चार ठशांत उभे राहते. कोणतीही निवडक आवृत्ती हे दाखवू शकत नाही, कारण निवड करणारा दुबळी सुरुवात वगळतो आणि मग झेप किती मोठी होती हे कळतच नाही.

क्रमाने आणि संपूर्ण वाचण्याचे दुसरे कारण म्हणजे या कथेतील काळ थांबत नाही. टेरी ली हा पोरसवदा मुलगा पॅट रायन या तरुणासोबत चीनमध्ये येतो आणि सहाव्या खंडापर्यंत अमेरिकन हवाई दलाचा वैमानिक झालेला असतो. जपानचे चीनवरील आक्रमण 1937 मध्ये पेटल्यानंतर ते कथेतही उतरते, मात्र पर्ल हार्बरपूर्वी शत्रूचा उल्लेख केवळ ‘आक्रमक’ असा होतो. चौथ्या खंडात, 16 ऑक्टोबर 1941 च्या पट्टीत, रेव्हन शर्मन ही महत्त्वाची व्यक्तिरेखा मरण पावते. चालत्या ट्रकमधून ढकलली गेल्यानंतरचे तिचे शेवटचे दिवस, सोबतीला असलेला ड्यूड हेनिक आणि भोवतीचे उजाड डोंगर हे सारे कॅनिफ यांनी संयमाने रंगवले आहे. त्या काळी वाचकांनी कॅनिफ यांना शोकपत्रे पाठवली, यात आश्चर्य वाटत नाही.

पाचव्या खंडातील फ्लिप कॉर्किन या वैमानिकाकडे भारतीय वाचकाने मुद्दाम पाहावे. तो फिलिप कॉक्रन या खऱ्या अधिकाऱ्यावर बेतलेला आहे. 17 ऑक्टोबर 1943 च्या रविवारी कॉर्किन टेरीला वैमानिकाच्या जबाबदारीविषयी जे सांगतो, ते पान अमेरिकी काँग्रेसच्या कामकाजाच्या नोंदीत गेले. आणि खरे कॉक्रन 1944 मध्ये आसामातील लालाघाटच्या तळावरून ब्रह्मदेशात ग्लायडर पाठवणाऱ्या हवाई दलाच्या तुकडीचे नेतृत्व करत होते.

दोषही सांगायला हवेत. रविवारची पाने या आकारात फार आक्रसली आहेत. फुग्यांतील अक्षरे बारीक होतात, आणि जुन्या छापील पानांवरून घेतलेल्या रंगांवर कितीही मेहनत केली तरी काही पाने मळकट दिसतात. ‘मास्टर कलेक्शन’ येथेच बाजी मारते. तिची पाने अकरा बाय चौदा इंचांची आहेत आणि रविवारचे रंग कॅनिफ यांच्या स्वतःच्या संग्रहातील मुद्रित-प्रतींवरून (प्रूफांवरून) घेतले आहेत. कथेतील चाच्यांची म्होरकी ड्रॅगन लेडी हिच्या पोशाखातील लाल रंग दोन्ही आवृत्त्यांत शेजारी ठेवून पाहिला, तर अधिक युक्तिवादाची गरज उरत नाही.

दुसरा दोष कथेचाच आहे. कॉनी हा चिनी सोबती मोठे कान, पुढे आलेले दात आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीसह विनोदासाठी उभा केलेला आहे आणि तो आज खटकतो. संपादकांनी त्याची चित्रे वा संवाद यांना हात लावलेला नाही, हा निर्णय मला योग्य वाटतो. ब्रूस कॅनवेल यांच्या प्रस्तावनापर लेखांतून पार्श्वभूमी मिळते, तरी या प्रश्नावर त्यांनी अधिक थेट लिहायला हवे होते.

आपल्याकडे 1964 पासून आलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आणि मँड्रेक भेटले ते मूळ पट्ट्या कापून, जुळवून, उभ्या पानांत बसवलेल्या रूपात. त्यावर वाढलेल्या मराठी वाचकाला चौकटींची मूळ लय प्रथम संथ वाटेल. आठवडाभराच्या पट्ट्या सरल्या की ती अंगवळणी पडते.

खरेदीबाबत माझे मत असे. कथा वाचायची असेल तर सहा खंड पुरेसे आहेत. पहिल्या खंडाला 2008 मध्ये मिळालेला आयझ्नर हा कॉमिक्ससाठीचा अमेरिकी पुरस्कारही सार्थ होता. चित्रकलेचा अभ्यास करणाऱ्याने मात्र मोठ्या आवृत्तीसाठी पैसे साठवावेत आणि कपाटाच्या फळीची खोली आधी मोजून घ्यावी. परदेशातून मागवताना वजनामुळे टपालखर्च बराच येतो, म्हणून सर्व खंड एकदम मागवण्याचा मोह आवरून 1937-38 सालांच्या दुसऱ्या खंडापासून सुरुवात करावी. तेथे दोन्ही कथानके एक झालेली आहेत, कुंचला पूर्ण हातात आलेला आहे, आणि तो खंड आवडला नाही तर उरलेल्या पाचांचा खर्च वाचतो.