ॲरिस्टॉटल, सिसेरो की क्विंटिलियन? वक्तृत्वशास्त्राच्या वाचनाची सुरुवात कुठून करावी

ग्रीक-रोमन वक्तृत्वशास्त्र मुळातून वाचायचं ठरवलं की कुणीही पहिलं नाव ॲरिस्टॉटलचं सुचवतं. मला ते सरसकट पटत नाही. स्वतः उभं राहून बोलायचं असेल, तर सिसेरो या रोमन वक्त्यापासून सुरुवात करावी. बोलण्याचा लोकांवर परिणाम का होतो हे समजून घ्यायचं असेल, तर ॲरिस्टॉटलला पर्याय नाही. आणि मुलांना बोलायला शिकवायचं असेल, तर क्विंटिलियन हा रोमन शिक्षक.

ॲरिस्टॉटलचं ‘रेटॉरिक’ इ.स.पू. चौथ्या शतकातलं. तीनच भाग आहेत, पण लिखाण व्याख्यानाच्या टिपणांसारखं त्रोटक. ईथॉस, पॅथॉस, लॉगॉस, म्हणजे वक्त्याचं चारित्र्य, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद, ही त्रयी आता भाषणकलेच्या कुठल्याही शिबिरात ऐकायला मिळते. तेवढ्यासाठी हे पुस्तक उघडायची गरज नाही. ते उघडावं दुसऱ्या भागासाठी. तिथे तो एकेक भावना घेतो आणि प्रत्येकीला तेच तीन प्रश्न विचारतो: ती कोणत्या मनःस्थितीत येते, कोणाविषयी येते, कशामुळे येते? राग घ्या. आपल्याला किंवा आपल्या माणसाला कुणी कारण नसताना कमी लेखलं असं वाटलं, की दुःख होतं आणि परतफेड करावीशी वाटते, तो राग. आजारी, गरजू, तहानलेला माणूस लवकर चिडतो. परक्यापेक्षा मित्राने हेटाळणी केली तर जास्त चिडतो, कारण त्याच्याकडून चांगल्याची अपेक्षा असते. दया, मत्सर, लाज यांचंही त्याने असंच विश्लेषण केलं आहे. श्रोत्याच्या मनाचा इतका थंड डोक्याने केलेला अभ्यास रोमन लेखकांत मला सापडत नाही.

पण निवड करण्याआधी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. अथेन्समध्ये पक्षकाराला न्यायालयात स्वतःच बोलावं लागे. लिसियससारखे लेखक त्याला भाषण लिहून देत, तो ते शेकडो पंचांपुढे म्हणे. पंचांच्या दृष्टीने तो बहुतेकदा अनोळखी माणूस. म्हणून ॲरिस्टॉटल सांगतो की विश्वास भाषणातूनच निर्माण झाला पाहिजे, आधीच्या नावलौकिकावर विसंबून चालणार नाही. रोममध्ये मात्र आरोपीच्या वतीने प्रतिष्ठित वकील उभा राही आणि त्याची स्वतःची पत खटल्यात पणाला लागे. म्हणून सिसेरो वकील आणि अशील दोघांच्याही चारित्र्याचा विचार करतो. तत्त्व एकच, पण न्यायालयाची रचना बदलली की त्याचा वापरही बदलतो.

सिसेरोचं ‘दे ओरातोरे’ इ.स.पू. ५५ मधलं. मांडणी संवादाची, काळ इ.स.पू. ९१ चा, आणि स्थळ क्रॅसस या वक्त्याचं रोमजवळच्या टस्क्युलममधलं घर. क्रॅससच्या मते वक्त्याला कायदा, इतिहास, तत्त्वज्ञान सगळं यायला हवं. अँटोनियस (मार्क अँटनीचा आजोबा) पहिल्या दिवशी त्याला विरोध करतो: अंगची देणगी आणि सराव असेल तर एवढ्या विद्वत्तेचं ओझं कशाला? दोघंही कसलेले वक्ते असल्यामुळे वाद पुस्तकी होत नाही.

दुसऱ्या भागात अँटोनियस स्वतःचा एक खटला सांगतो. मॅनियस अक्विलियस हा माजी कॉन्सल (रोमचा सर्वोच्च निर्वाचित अधिकारी) आणि सेनापती आरोपी होता. अँटोनियसने भर न्यायालयात त्याला उभं केलं, त्याचा अंगरखा फाडला आणि छातीवरचे लढाईतले व्रण दाखवले. तो पुढे सांगतो की ही शिकलेली युक्ती नव्हती. त्या माणसाची दशा बघून आधी आपल्यालाच गलबलून आलं होतं, आणि आपण हललो नसतो तर पंचांनाही हलवू शकलो नसतो. बोलणाऱ्या माणसासाठी हे एक पान डझनभर नियमांपेक्षा मोलाचं आहे. उणीव एवढीच की रोमन राजकारणातल्या नावांची गर्दी फार आहे. सुरुवातीला टिपांशिवाय चालत नाही.

क्विंटिलियन मूळचा स्पेनमधल्या कॅलागुरिसचा. व्हेस्पेशियन बादशहाच्या काळात त्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळू लागला. वीस वर्षं शिकवून झाल्यावर त्याने ‘इन्स्टिट्युशिओ ओरेटोरिया’चे बारा भाग लिहिले. सुरुवात पाळण्यातल्या मुलापासून: दाईची भाषा शुद्ध असावी, अक्षरओळख हस्तिदंती अक्षरांशी खेळत व्हावी, मुलांना मारू नये. पहिल्या शतकातला शिक्षक हे लिहितो, याचं मला आजही अप्रूप वाटतं. मधले भाग मात्र खटल्यातल्या मुद्द्यांच्या वर्गीकरणात अडकतात, तिथे दम लागतो. पहिले दोन भाग आणि वाचन-लेखनाविषयीचा दहावा भाग एवढंच वाचलं तरी चालेल. दहाव्यात तो बजावतो की भरभर लिहून चांगलं लिहिणं येत नाही, चांगलं लिहीत गेलं की भरभर लिहिता येतं.

वेळ अगदीच कमी असेल तर इ.स.पू. पहिल्या शतकातलं ‘रेटोरिका आद हेरेनियम’ आहे. लेखक अज्ञात, बराच काळ ते सिसेरोच्या नावावर खपलं. विचार शोधणं, मांडणी, शैली, स्मरण आणि सादरीकरण ही पाच अंगं तिथे नेटकेपणाने भेटतात. ओळखीच्या जागांवर चित्रं ठेवून भाषण लक्षात ठेवायची पद्धतही त्यात तपशीलवार आहे. स्पर्धेसाठी पाठांतर करणाऱ्याला ती लगेच वापरता येईल. पण वाचनाचा आनंद त्यात नाही.

इंग्रजीतून वाचणार असाल तर ॲरिस्टॉटलसाठी जॉर्ज केनेडी आणि सिसेरोसाठी मे व विस यांची भाषांतरं घ्या. दोन्हींच्या टिपा उपयोगी आहेत. सिसेरोच्या पहिल्या भागात क्रॅसस रोमन कायद्यावर लांबलचक बोलतो. तिथे कंटाळा आला तर पुस्तक मिटू नका, सरळ दुसऱ्या भागात अँटोनियसकडे जा. पहिल्याकडे नंतर परत येता येतं.