आधी सॉफ्टवेअर की आधी जाहिरात?

दारव्हा, वणी, मंगरूळपीर अशा गावी बसून कृषी केंद्रांसाठी, म्हणजे बियाणं-खतं-कीटकनाशकं विकणाऱ्या दुकानांसाठी, बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची गत साधारण सारखीच असते. दोन-तीन पोरं, हाती बेताचा पैसा. तो अजून एका प्रोग्रामरवर घालायचा, की जाहिराती आणि गावोगाव फिरणाऱ्या सेल्सच्या पोरावर? मी दोन्ही करून पाहिलंय.

मार्केटिंग लागतंच, त्यात वाद नाही. तालुक्याचा दुकानदार आपणहून सॉफ्टवेअर शोधत बसत नाही. फेसबुकवरून चौकशा भरपूर येतात, पण मला खरा उपयोग झाला तो कीटकनाशक कंपन्या दुकानदारांसाठी घेतात त्या डीलर मीटिंगचा. जेवणाच्या रांगेत मोबाईलवर दाखवलेला डेमो दुकानदाराच्या लक्षात राहतो. नागपूरच्या अ‍ॅग्रोव्हिजन कृषी प्रदर्शनात स्टॉल शोभतो खरा, पण समोरून जाणारी गर्दी शेतकऱ्यांची. आपलं गिऱ्हाईक त्यात विरळच. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

माझा काटा मात्र फिरला तो थर्मल प्रिंटरमुळे. स्वस्तातल्या बऱ्याच प्रिंटरमध्ये देवनागरी नसते. मराठी बिल पाठवलं की शेतकऱ्याच्या नावाच्या जागी चौकोनी डबे छापून येतात. अख्खं बिल चित्र म्हणून पाठवलं तर अक्षरं नीट येतात, पण कागद रेंगाळत उतरतो. एरवी चालून जातं. मृग लागला, बियाण्याला काउंटरवर रांग लागली, की नाही चालत. त्यात आमची जाहिरात सुरू, म्हणजे ऐन जूनमध्ये नवे दुकानदार, आणि प्रत्येकाचा प्रिंटर वेगळ्याच कंपनीचा. ‘काहून बाप्पा, अजून डबेच येऊन राह्यले!’ असे फोन सकाळपासून. फोन उचलणारा तोच, ज्याने बसून कोड दुरुस्त करायचा. जाहिरात जितकी चालली, तितकी दुरुस्ती लांबली. वैतागलेला दुकानदार पुढच्या डीलर मीटिंगला त्याच जेवणाच्या रांगेत असतो, आणि तिथे तो गप्प बसत नाही.

म्हणून जाहिरात थांबवली आणि पावसाळा प्रिंटर नि ऑफलाइन बिलावर घालवला. नवी गिऱ्हाईकं कमी आली, हे खरंच. पण वार्षिक पैशासाठी जुन्यांच्या दुकानी खेटे घालणं बंद झालं, आणि पुढचे फोन बहुतेक ‘अमक्याकडे पाहिलं’ म्हणून आले.

दर्जा म्हणजे देखणे आलेख नव्हेत, बरं का. ते आम्ही केले होते. कुणी उघडले नाहीत. एकाच बिलात बियाण्याला जीएसटी नाही, खताला ५ टक्के, कीटकनाशकाला १८ टक्के हे बिनचूक बसलं पाहिजे. कुठलं कीटकनाशक कुणाला गेलं हे कळायला बॅच नंबर झटक्यात सापडला पाहिजे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, तेव्हापासून तर पाहिजेच. लाईन गेली तरी अर्धवट बिल उडता कामा नये. कापूस विकेपर्यंत थांबलेली उधारी नावानिशी दिसली पाहिजे. एवढं जमलं की प्रोग्रामरवरचा खर्च आवरता घ्यायला हरकत नाही.

तुमचं सॉफ्टवेअर एक खरीप निभावून गेलं असेल, तर मी सुद्धा पैसा मार्केटिंगवर घाला असंच म्हणेन. फक्त तो फेब्रुवारी-मार्चमध्ये घाला. १ एप्रिलला नवं खातं सुरू होतं, तेव्हा दुकानदार सॉफ्टवेअर बदलायला राजी असतो, आणि जूनआधी त्याच्याच प्रिंटरवर बिल काढून बघायला तुमच्याही हाती दोन महिने उरतात.