नळी झकास, बाण टाकाऊ: तीन तारे

वेंगुर्ल्याला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. पावसात अडकलेल्या पाहुण्यांना कॅरमचा कंटाळा येतो, म्हणून ही ॲल्युमिनियमची फुंकनळी, म्हणजे तोंडानं फुंकून बाण मारायची नळी, ऑनलाइन मागवली. चार फूट लांब, सोबत 12 बाण, 1,850 रुपये. खोकं उघडलं तर पुतण्या म्हणतो, "काकी, ह्या कशाक घेतलंस? चुलीकडे फुंकणी आसा मां!"

नळीला नाव ठेवायला जागा नाही. आतून गुळगुळीत, कुठे बाक नाही. बोर्निओ बेटावरचे डायाक लोक कठीण लाकूड लोखंडी कांबीनं कोरून अशी सरळ नळी करतात. बाण संपले तर भाल्यासारखी चालवता यावी म्हणून टोकाला पातंही बांधतात. आमच्या नळीच्या टोकाला रबराचं बूच. पाहुण्यांची पोरं बघता तेच बरं.

रड सगळी बाणांची. मागचा प्लास्टिकचा शंकू नळीत सैल, त्यामुळे हवा बाजूनं निसटते. दोन शंकू पहिल्याच दिवशी तडकले, सुया खाऱ्या हवेत महिन्यात गंजल्या. विक्रेत्याला कळवलं, तर चार वेळा एकच उत्तर: "फोटो पाठवा."

शेवटी खराट्यातला माडाचा हीर काढला, वीतभर तोडला, टोक तासलं आणि मागे सावरीचा कापूस गच्च गुंडाळला. ॲमेझॉनच्या जंगलातले शिकारीही असंच करतात, माडाच्याच कुळातल्या झाडांचे हीर आणि सावरीसारखाच कापूस. माझा हीर दहा पावलांवरून केळीच्या सोटात रुतला! पुतण्याचा बाण तुळशीपाशीच पडला. तो चूल फुंकल्यासारखी लांब फुंकर मारत होता. इथे खोकल्यासारखा एकच झटका लागतो. आणि श्वास आधी घ्यायचा, नळी मग तोंडाला लावायची, नाहीतर बाण घशात.

एवढ्याशा काडीनं लढाई कशी करत असतील? करामत विषाची. 1510 साली गोवा घेतलेले पोर्तुगीज पुढच्याच वर्षी आजच्या मलेशियातल्या मलाक्क्यावर चालून गेले, तिथे त्यांना हे विषारी बाण लागले. त्या मुलखात बाणांना ज्या झाडाचा चीक लावतात, ते आपल्या सह्याद्रीतही उभं आहे, चांदकुडा. त्या चिकानं हृदय बंद पडतं. अमेरिकेतले चेरोकी आदिवासी मात्र विषाशिवायच ससे-खारी मारायचे.

कलमांवरच्या माकडांसाठी कुणी ही मागवणार असेल तर नको. एक तर गुन्हा आहे, आणि त्या कामाला आमचा मोती पुरतो.